अल्कलाइन शरीर, वॉरबर्गचं नोबेल आणि आत्याची तिसरी केमो

परवा रात्री आत्याचा फोन आला. "अगं, बुधवारची केमो महिनाभर पुढे ढकलली तर चालेल का गं?" केमोच्या दोन सायकल, म्हणजे फेऱ्या, झाल्यात, ही तिसरी. मला वाटलं ताप आला असेल, रक्तातल्या पेशी कमी झाल्या असतील. तसं काही नव्हतं. कुणीतरी तिला एक मेसेज पाठवला होता आणि तिनं तो तीनदा वाचला होता. "नोबेल मिळालंय म्हणे त्या माणसाला," ती म्हणाली.

हा मेसेज मला याआधी चार वेळा आलाय आणि चारही वेळा मी तो न बोलता पुसून टाकलाय. ती माझी चूक झाली. वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांना १९३१ साली कॅन्सरचं कारण शोधल्याबद्दल नोबेल मिळालं, ते कारण म्हणजे शरीरातलं आम्ल, अल्कलाइन (म्हणजे अल्कधर्मी, आम्लधर्मीच्या उलट) शरीरात कॅन्सर जगूच शकत नाही, म्हणून रोज लिंबू आणि खायचा सोडा घ्या, साखर पूर्ण बंद करा, पेशी उपाशी मरतील, लिंबू केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी आहे, आणि औषध कंपन्यांनी हे सगळं दाबून ठेवलंय.

आधी नोबेल, कारण आत्या तिथेच अडकली होती. वॉरबर्ग यांना १९३१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं हे खरं. कशासाठी? श्वसनाच्या एन्झाइमचं (पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचं) स्वरूप आणि त्याचं काम कसं चालतं, हे शोधल्याबद्दल. पेशी प्राणवायू वापरते तेव्हा लोह असलेलं एक एन्झाइम मधे काम करतं. कार्बन मोनॉक्साइड त्याला अडवतो आणि प्रकाश पडला की ते पुन्हा मोकळं होतं. यावरून वॉरबर्ग यांनी ते एन्झाइम ओळखलं. अफाट सुंदर काम आहे. पण पारितोषिकाच्या मानपत्रात कॅन्सर हा शब्द नाही. नोबेलच्या संकेतस्थळावर ती एक ओळ कुणालाही वाचता येते. मेसेज पुढे पाठवणाऱ्या एकानेही ती वाचलेली नाही.

आता जे मान्य करायला हवं ते करते. वॉरबर्ग यांनी कॅन्सरवरही काम केलं होतं. १९२० च्या दशकात त्यांनी उंदरांच्या गाठींचे पातळ काप घेऊन मोजमाप केलं. भरपूर प्राणवायू असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करत राहतात, असं त्यांना दिसलं. हे निरीक्षण पक्कं आहे आणि आजही ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. पेशीचं श्वसन बिघडणं हेच कॅन्सरचं मूळ कारण, असं ते शेवटपर्यंत मानत होते. १९६६ साली जर्मनीतल्या लिंडाऊला, नोबेल विजेत्यांच्या मेळाव्यातल्या व्याख्यानातही त्यांनी तेच सांगितलं. तेव्हा मेसेजमधलं त्यांचं नाव अगदीच हवेतून आलेलं नाही.

पण मोठ्या माणसाचं मत म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ सिडनी वाइनहाउस यांनी १९५६ सालीच दाखवून दिलं होतं की बहुतेक गाठींच्या पेशींचं श्वसन शाबूत असतं. आणि 'नोबेल मिळालंय' एवढ्यावर विश्वास ठेवायचा असेल, तर १९२६ चं नोबेल आठवावं. ते योहानेस फिबिगर यांना एका जंतामुळे कॅन्सर होतो या शोधाबद्दल मिळालं आणि तो शोध पुढे चुकीचा ठरला. कॅन्सरच्या मुळाशी पेशीच्या जनुकांतले बिघाड असतात हे नंतरच्या कामांनी उलगडत नेलं. बिशप आणि वार्मस या अमेरिकन शास्त्रज्ञांचं १९७६ चं संशोधन त्यातलं एक, ज्याबद्दल त्यांना १९८९ साली नोबेल मिळालं. हे नोबेल मात्र फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

ज्या मुद्द्यानं माझं डोकं फिरतं तो आता: "अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगू शकत नाही."

मी पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या इन्क्युबेटरमध्ये, ३७ अंशांवर, कॅन्सरच्या पेशींचे फ्लास्क आडवे ठेवलेले असतात. त्यांत जे पोषक द्रव घालतो त्याचा पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) साधारण ७.४, म्हणजे किंचित अल्कधर्मी. तो तिथे टिकावा म्हणून द्रवात सोडियम बायकार्बोनेट असतं, नेहमीच्या एका द्रवात लिटरला ३.७ ग्रॅम. सोडियम बायकार्बोनेट म्हणजेच खायचा सोडा. मेसेज जो पदार्थ कॅन्सरचा काळ म्हणून सांगतो, त्याच पदार्थात जगभरच्या प्रयोगशाळा कॅन्सरच्या पेशी वाढवतात आणि त्या तिथे झपाट्यानं वाढतात. हेला नावाच्या कॅन्सरच्या पेशी १९५१ पासून अशाच वाढताहेत.

त्या द्रवात फिनॉल रेड नावाचा रंग असतो. ताजं द्रव घातलं की फ्लास्क गुलाबीसर लाल दिसतो. दोन-तीन दिवसांनी बघावं तर नारिंगी, उशीर झाला तर सरळ पिवळा. पेशी वाढल्या, ग्लुकोज खाल्लं, लॅक्टिक आम्ल बाहेर टाकलं, म्हणून रंग बदलला. सोमवारी लाल ठेवलेला फ्लास्क गुरुवारी पिवळा झालेला मी शेकडो वेळा पाहिलाय. आधी कॅन्सर, मग आम्ल. मेसेजमध्ये क्रम नेमका उलटा केलाय. माणसाच्या शरीरातही गाठीच्या आजूबाजूची जागा आम्लधर्मी असते ती गाठीमुळेच. आणि कॅन्सरची पेशी आतून मात्र आम्लधर्मी नसते. ती आम्ल बाहेर ढकलते आणि स्वतःचा आतला पीएच सांभाळते, बऱ्याचदा निरोगी पेशीपेक्षा थोडा अल्कधर्मीच.

राहिलं आपलं रक्त. त्याचा पीएच ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात असतो. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडं आम्ल-बायकार्बोनेटचा हिशेब ठेवून तो तिथेच ठेवतात, झोपेतसुद्धा. तुम्ही काय खाल्लं यानं लघवीचा पीएच बदलतो, साडेचार ते आठ इतका फिरतो, कारण जादाचं बाहेर टाकणं हेच मूत्रपिंडाचं काम. म्हणून लघवीत पट्टी बुडवून 'शरीर अल्कलाइन झालं' असं म्हणण्याला काही अर्थ नाही. रक्त खरोखरच पट्ट्याबाहेर गेलं तर माणूस अतिदक्षता विभागात असतो.

सोड्याबद्दल दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. काही केमोंत, उदाहरणार्थ मेथोट्रेक्सेट मोठ्या डोसमध्ये देताना, डॉक्टर स्वतः बायकार्बोनेट देतात. ते औषध आम्लधर्मी लघवीत मूत्रपिंडात साचून बसू नये म्हणून, गाठ मारायला नव्हे. आणि २००९ साली उंदरांवरच्या एका प्रयोगात पाण्यातून बायकार्बोनेट दिल्यावर कॅन्सरचा प्रसार कमी झालेला दिसला, पण मूळ गाठीची वाढ काही कमी झाली नाही. उंदरांच्या या निष्कर्षावरून माणसानं केमो सोडावी असं त्या संशोधकांनी म्हटलेलं नाही. एक चमचा सोड्यात बाराशे मिलिग्रॅमहून जास्त सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला दोन हजारांच्या आत आहे. ज्याला आधीच उलट्या होताहेत त्याचं पोटॅशियम यानं आणखी घसरू शकतं.

साखरेचं. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त खेचतात हे खरं, पेट (PET) स्कॅन, म्हणजे शरीरात ग्लुकोज कुठे जास्त खेचलं जातंय ते दाखवणारी तपासणी, त्याच तत्त्वावर चालतो. पण त्या स्कॅनमध्ये मेंदूही उजळलेला दिसतो, आणि तुम्ही साखर सोडली तरी यकृत ग्लुकोज बनवतच राहतं, कारण मेंदूला ते लागतं. पेशीला उपाशी मारण्याची कल्पना चुकीची नाही. ल्युकेमियाच्या मुलांना अ‍ॅस्परॅजिनेझ देतात ते एका अमिनो आम्लाची रसद तोडायलाच. पण ते मोजून दिलेलं औषध आहे. नुसतं खाणं तोडलं की आधी रुग्णाचं वजन आणि स्नायू जातात. गोड कमी करायचं तर जरूर करा. केमो चालू असताना जेवण कमी करू नका.

दहा हजार पट हा आकडा लिंबाचा नाहीच. तो १९९६ च्या आसपासच्या, दुसऱ्याच एका फळाच्या बियांतल्या रेणूवरच्या प्रयोगातून उचललाय आणि तोही बशीतल्या पेशींवरचा. बशीतली पेशी मारणं कठीण नसतं. इन्क्युबेटर बिघडला तर माझ्या सगळ्या पेशी एका रात्रीत मरतात. माणूस जिवंत ठेवून त्याच्यातली नेमकी तीच पेशी मारणं, तिथे सगळं अडतं. आणि 'दाबून ठेवलं' म्हणाल, तर वॉरबर्गचं निरीक्षण पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात आहे.

हे सगळं चुकीचं असून चाललं असतं, पण यापायी माणसं उपचार सोडतात. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट'मध्ये हे मोजून मांडलं. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठं आतडं, कॅन्सर शरीरभर पसरलेला नाही, म्हणजे हाताशी वेळ असलेले रुग्ण. त्यांतल्या ज्या २८१ जणांनी फक्त पर्यायी उपचार घेतले त्यांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्या, वय-टप्पा जुळवलेल्या ५६० जणांशी केली. पर्यायीवाल्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून अधिक. पाच वर्षांनी स्तनाच्या कॅन्सरचे ८७ टक्के रुग्ण नेहमीच्या उपचारांच्या गटात हयात होते, पर्यायीवाल्यांत ५८. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला हा अभ्यास नाही, आणि असे गट पाडायला कुठलीही समिती परवानगी देणार नाही. त्यात आणखी एक दिसलं: पर्यायी उपचारच निवडणारे जास्त शिकलेले आणि जास्त कमाईचे होते. आत्या दोन विषयांत एम.ए. आहे.

तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. फ्लास्कचा फोटो पाठवला, लाल आणि पिवळा शेजारी शेजारी, आणि खाली एवढंच लिहिलं की यातल्या दोन्हींत सोडा आहे. बराच वेळ उत्तर नाही. मग तिनं विचारलं, "मग लिंबूपाणी अजिबातच नको का?" घे की, मळमळीला बरं वाटत असेल तर घे. पण तोंडात फोड आलेत म्हणालीस ना, झोंबेल. बुधवारी डॉक्टरांना आधी ते दाखव.