मागच्या सीटवर बसून ठरवा

आलिशान डिझेल सेडान सोडून इलेक्ट्रिक घ्यावी का, यावरचा एक लेख वाचला. त्यात सगळा हिशेब रेंजवर, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती अंतर जाते यावर, मांडलाय. मला तो अपुरा वाटतो. आठ वर्षं डिझेल सेडान वापरून गेल्या वर्षी आम्ही इलेक्ट्रिक घेतली. पुणे-मुंबई जाऊन-येऊन रेंजची काळजी एकदाही वाटली नाही. रात्री पार्किंगमध्ये चार्जिंगला लावायची, सकाळी निघायचं.

फरक कळतो तो मागच्या सीटवर. बॅटरी गाडीच्या तळाशी असते, त्यामुळे पायाखालची जागा उंचावते आणि गुडघे वर येतात. जुन्या गाडीत आईच्या मांडीला पूर्ण आधार मिळायचा. या गाडीत तासाभरात ती अवघडते. आपल्याकडे अशा गाड्या बरेच जण मागे बसण्यासाठीच घेतात, तेव्हा टेस्ट ड्राइव्हला घरातल्या ज्येष्ठांना न्याच आणि निदान अर्धा तास मागे बसवा.

दुसरं म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, त्याने आईला मळमळायचं. सेटिंग कमी केल्यावर थांबलं. खंडाळ्याचा घाट उतरताना मात्र मी ते मुद्दाम वाढवते, ब्रेक तापत नाहीत आणि थोडी वीज बॅटरीत परत येते.

सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आहे, इलेक्ट्रिकवर ५. हेही लेखात हवं होतं.

मागच्या सीटची अडचण असूनही मी परत डिझेलकडे जाणार नाही. दवाखान्याबाहेर आई गाडीत थांबते तेव्हा एसी चालू असतो, पण इंजिनचा आवाज नाही की धूर नाही.