एका रिकाम्या कपाचे वारसदार

इमारतीच्या बैठकीला जो गैरहजर राहतो त्याच्या गळ्यात कोणते ना कोणते पद पडतेच, या नियमानुसार कचरा वर्गीकरण समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे चालत आले. समितीत मी एकटाच असल्यामुळे निर्णय निदान एकमताने होतील, अशी माझी समजूत होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका दह्याचा एक रिकामा कप घेऊन दारात उभे राहिले. कप प्लॅस्टिकचा होता, त्याच्या अंगावर पुठ्ठ्याचे वेष्टण होते, ॲल्युमिनियमचे पातळ झाकण एका कडेला लोंबकळत होते आणि तळाशी चमचाभर दही उरले होते. "हे नेमके कोणत्या डब्यात टाकायचे, तेवढे लेखी द्या," असे म्हणून काकांनी तो कप माझ्या हातावर ठेवला आणि ते फिरायला निघून गेले.

खाली डबे दोन आणि कपात जिन्नस चार! शेवटी, इतर देशांनी हा गुंता कसा सोडवला ते पाहून नियमावली लिहावी असे मी ठरवले आणि जर्मनीपासून सुरुवात केली. तिथल्या सरकारने 1991 साली वेष्टणांविषयीचा अध्यादेश काढून उत्पादकांना बजावले, की वेष्टण तुमचे आहे, तेव्हा ते परत घेण्याची जबाबदारीही तुमचीच. उद्योगांनी मिळून त्यासाठी निराळी यंत्रणा उभी केली आणि तिचा खर्च उचलणाऱ्यांच्या मालावर हिरवा ठिपका झळकू लागला. हा ठिपका म्हणजे वस्तूवर पुनर्प्रक्रिया होणार याची हमी, असे पुष्कळांना वाटे. प्रत्यक्षात ती उत्पादकाची वर्गणी पोचल्याची पावती होती.

दह्याच्या कपाबाबत मात्र जर्मन मंडळींचे म्हणणे अगदी स्पष्ट आहे. कप धुण्याची गरज नाही, चमच्याने खरवडून रिकामा केला की पुरे. पण झाकण पूर्णपणे सोडवलेच पाहिजे. वर्गीकरण केंद्रातील यंत्र अवरक्त किरणांनी प्लॅस्टिकची जात ओळखते आणि ॲल्युमिनियम वेचणारे यंत्र वेगळे असते, त्यामुळे एकमेकांना चिकटलेली जोडी आली की यंत्रांची फसगत होते. त्यातून कप काळा असेल, तर त्याच्या रंगातली काजळी ते किरण गिळून टाकते आणि यंत्राला तो दिसतच नाही. माझा कप पांढरा निघाला, ही पूर्वपुण्याई! मी नियमावलीत पहिले कलम लिहिले: "कप धुऊ नये."

दुपारी मी जपान वाचायला घेतला आणि ते कलम खोडावे लागले. तिथल्या 1995 च्या कायद्याने घरच्यांनी वेगळे करायचे, पालिकेने गोळा करायचे आणि उद्योगांनी पुनर्प्रक्रियेचे पाहायचे, अशी वाटणी केली. तिथे बाटलीचे झाकण काढतात, लेबल सोलतात, ती विसळतात आणि चेपतात; कपालाही आंघोळ चुकत नाही. शिकोकू बेटावरच्या कामिकात्सू गावाने तर 2003 साली शून्य कचऱ्याचा संकल्प सोडला आणि पुढे कचऱ्याचे 45 प्रकार ठरवले. त्या गावात कचऱ्याची गाडी फिरत नाही. गावकरी सगळे धुऊन, वाळवून स्वतः केंद्रावर नेतात. मी लिहिले: "कप धुवावा." काकांनी दोन्ही मसुदे शांतपणे वाचले आणि "एक काय ते ठरवा," एवढेच म्हणाले.

दक्षिण कोरियाने थेट खिशाला हात घातला. 1995 पासून तिथे कचरा ठरावीक पिशव्यांतच टाकावा लागतो आणि त्या विकत घ्याव्या लागतात, म्हणजे कचरा जितका जास्त तितका खर्च जास्त. अनेक वसाहतींत उष्ट्याखरकट्याचा डबा घराचे कार्ड ओळखून झाकण उघडतो, वजन करतो आणि त्या घराच्या नावावर पैसे लावतो. आमच्याकडे असा डबा बसला, तर कोणाच्या घरचा स्वयंपाक फसला हे वजनावरूनच सगळ्यांना कळेल, या विचाराने मी ते पान घाईने उलटले.

पण खरा आधार दिला तो शांघायने. तिथे 1 जुलै 2019 पासून वर्गीकरण सक्तीचे झाले आणि डब्यांपाशी उभे राहिलेले देखरेख करणारे येणाऱ्या-जाणाऱ्याला "तुमचा कचरा कोणता?" असे विचारू लागले. तेव्हा गोंधळलेल्या नागरिकांनी डुकराला प्रमाण मानले: डुक्कर खाईल तो ओला कचरा, डुक्करही तोंड लावणार नाही तो सुका, खाऊन डुक्कर मरेल तो घातक आणि विकून डुक्कर विकत घेता येईल तो पुनर्प्रक्रियेचा. इतके सुटसुटीत कलम कोणत्याही विधिमंडळाला सुचलेले नाही! मी हर्षभराने कप समोर ठेवला. दही डुक्कर खाईल, कपाला तोंड लावणार नाही, धारदार झाकण गिळले तर मरेल आणि उरलेला पुठ्ठा विकून डुकराचे शेपूटसुद्धा येणार नाही. एकाच कपात चारही वर्ग गुण्यागोविंदाने नांदत होते.

कपाच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात 5 हा आकडा होता. मूळचे बाण गॅरी अँडरसन या अमेरिकन विद्यार्थ्याने 1970 साली एका स्पर्धेसाठी काढले. पुढे 1988 मध्ये तेथील प्लॅस्टिक उद्योगाने त्यात आकडे बसवले. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, बस्स. तो आकडा जात सांगतो, भविष्य सांगत नाही. मी मात्र इतकी वर्षे ते बाण पाहून निर्धास्त झोपत होतो. पुढे 2018 साली चीनने परदेशी प्लॅस्टिक कचरा घेणे थांबवले, तेव्हा ज्या श्रीमंत देशांच्या रंगीबेरंगी डब्यांनी मी भारावलो होतो, त्यांचा कितीतरी माल जहाजात बसून पूर्वेकडे जात होता, हेही उघड झाले.

इतके वाचल्यावर माझे मत असे झाले, की कायदा कारखान्यापर्यंत पोचला तरच वस्तू बदलते. तो ओट्यापाशीच थांबला तर फक्त डबे वाढतात. युरोपीय संघाने जुलै 2024 पासून पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्यांची झाकणे बाटलीलाच जोडलेली असावीत असे ठरवले. ते झाकण पिताना नाकाला टोचते, पण निदान ते टोचण्याआधी एखाद्या अभियंत्याचे डोके दुखलेले असते. कपाला पुठ्ठा कशाला हवा, हा प्रश्न मला पडण्याऐवजी कप घडवणाऱ्याला पडायला हवा होता.

अखेर मी नियमावली लिहिली: दही खाऊन संपवावे, झाकण सोडवावे, पुठ्ठा काढावा, उरलेल्या पाण्यात कप विसळावा. पावसापाण्याने खराब होऊ नये म्हणून ती लॅमिनेट करून डब्यांच्या वर लावली. काकांनी चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मान डोलावली आणि तिच्या चकचकीत कडेवरून बोट फिरवत विचारले, "आणि हा कागद जुना झाला, की तो कोणत्या डब्यात?"