प्रतिवेदकाची वही आणि टॅलिनचा ‘हान्स’

रविवारी ठाण्यात, नौपाड्याला फोन लावला की आईशी वाद ठरलेला. यावेळी निमित्त ‘संसद भाषिणी’चं. लोकसभा सचिवालयाने मार्च २०२५ मध्ये त्यासाठी करार केला. भाषणं ऐकून यंत्राने लिहायची, जुने वादविवाद भारतीय भाषांत आणायचे, अशी ती योजना.

आईने तीस वर्षं ठाण्याहून लोकलने जाऊन सरकारी कचेरीत मराठी लघुलेखन केलं. “बोलणारा अडखळतो, वाक्य अर्ध्यावर सोडतो, दोघं एकदम ओरडतात. तिथे काय लिहायचं हे मशीनला कोण सांगणार?” प्रश्न अगदी खरा आहे. तरी मी तिच्याशी भांडले.

मी एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये राहते. सगळा एस्टोनिया तेरा-चौदा लाखांचा. २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहरात अठरा लाखांवर माणसं होती. इथल्या १०१ सदस्यांच्या संसदेत २०२० पासून ‘हान्स’ नावाची प्रणाली भाषणं उतरवते. ती देते तो कच्चा मसुदा. पुढे माणसं बसून तो तपासतात, सुधारतात. जपानच्या कनिष्ठ सभागृहात तर असं काम २०११ पासून चालू आहे.

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हान्सला एस्टोनियन कळते. एवढ्याशा भाषेसाठी बाहेरचं कुणी धावून येणार नाही, म्हणून इथल्या विद्यापीठातल्या लोकांनी वर्षानुवर्षं बोलण्याचे नमुने गोळा केले, त्यावर काम केलं. आज मी एक शब्द टाकला की कोणता सदस्य कधी काय बोलला ते समोर येतं. मराठी मातृभाषा असलेले आपण २०११ मध्येच आठ कोटींवर होतो. घोडबंदर रोडच्या कोंडीवर आमचे आमदार विधानसभेत काय बोलले, हे आईला घरबसल्या इतक्याच सहज सापडायला हवं. आणि त्या यंत्राला आगरी, अहिराणी, वऱ्हाडी कळायला हवी. छापील मराठीवरच ते पोसलं, तर गावाकडच्या आमदाराचं बोलणं नोंदीत येताना बदलून जाईल, आणि त्याला ते कळणारही नाही.

यंत्राने कायदा लिहिण्याबद्दल मात्र मी आईइतकीच कडक आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेच्या नगरसेवकाने २०२३ मध्ये चोरीला जाणाऱ्या पाणीमीटरांवरचा मसुदा चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. तो मंजूर झाला, लागू झाला आणि मगच त्याने हे सांगितलं. मतदान करणाऱ्यांना आधी कळायला नको होतं का? उद्या ठाणे महापालिकेच्या महासभेत पाणीपट्टीचा ठराव असा आला, तर तो कुणी लिहिला हे विषयपत्रिकेवरच छापलेलं असलं पाहिजे.

“ते हान्सचा मसुदा दुरुस्त करणारे लोक,” आईने शेवटी विचारलं, “ते पूर्वीचे लघुलेखकच का?” पुढे काय येणार ते मला कळलं. विधिमंडळातली भाषणं शब्दशः टिपून घेणाऱ्या प्रतिवेदकांना घरी बसवून त्यांच्या जागी यंत्र आणायचं ठरलं, तर या भांडणात मी आईच्या बाजूने आहे, हे मी तिला तेव्हाच सांगून टाकलं.