पाणमांजराला सगळं श्रेय देण्यात माझी चूक झाली

नमस्कार,

‘पाणमांजरं संपली म्हणून कॅलिफोर्नियातली केल्पची जंगलं उजाड झाली’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्ही नेमकं पकडलंत. (केल्प म्हणजे समुद्रात खडकांवर वाढणारं मोठं शैवाल.) उत्तर कॅलिफोर्नियातली समुद्री पाणमांजरं फरच्या व्यापारापायी एकोणिसाव्या शतकातच नाहीशी झाली, मग केल्प २०१४पर्यंत टिकलं कसं, हा तुमचा प्रश्न. शिवाय शेवाळाला जंगल म्हणणं तुम्हाला अतिशयोक्ती वाटते. पहिला आक्षेप पूर्ण मान्य. दुसरा मुळीच नाही.

माझा घोळ असा झाला. १९७४ साली जेम्स एस्टीस आणि जॉन पामिसानो यांनी अलास्काच्या अल्यूशियन बेटांची तुलना मांडली: पाणमांजरं असलेल्या आम्चिट्काभोवती दाट केल्प, नसलेल्या शेम्याभोवती अर्चिनच अर्चिन आणि बोडके खडक. अर्चिन म्हणजे केल्प खाणारे काटेरी, गोल समुद्री प्राणी; पाणमांजरं त्यांना खातात. तो निष्कर्ष मी उचलून थेट उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो-सोनोमाच्या किनाऱ्याला लावला. तिथं अर्चिनना खाणारा मोठा शिकारी उरला होता तो सूर्यफूल तारामासा, वीस-चोवीस हातांचा, मीटरभर पसरणारा. २०१३ पासून तारामाशांचं शरीर झडून विरघळवणारा रोग पसरला आणि हा प्राणी तिथून जवळजवळ दिसेनासा झाला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ समुद्र तापला. केल्पला थंड, नायट्रेटनं समृद्ध पाणी लागतं. त्यात तिथली केल्पची मुख्य जात, बुल केल्प, बहुतांशी एका वर्षाची, दरवर्षी नव्यानं उगवणारी. जवळपास ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून जास्त केल्प गेलं.

‘मग अर्चिन फोडून टाका’ असंही तुम्ही सुचवलंत. त्यांची बाजू मला मांडावीशी वाटते, कारण माझ्या लेखात तेच खलनायक झाले होते. केल्प भरपूर असतं तेव्हा जांभळे अर्चिन खडकांच्या कपारींत बसून असतात. तुटून वाहत आलेली पानं आयती दाराशी येतात, तीच खातात. हा पुरवठा आटला आणि शिकाऱ्याचा धाकही उरला नाही, की ते बाहेर पडतात आणि उभं केल्प बुडापासून कुरतडतात. सगळं संपल्यावरही ते मरत नाहीत. उपाशीपोटी वर्षानुवर्षं तग धरतात, नवा कोंब दिसताच खातात. आतून इतके पोकळ होतात की मध्य कॅलिफोर्नियातल्या माँटेरेत, जिथं पाणमांजरं आहेत, तीही त्यांच्या वाटेला जात नाहीत, केल्पच्या शिल्लक तुकड्यांमधले भरलेले अर्चिन तेवढे शोधतात. म्हणजे शिल्लक असलेलं जंगल पाणमांजर राखतं; उजाड झालेलं परत आणणं एकट्या त्याच्याच्यानं होत नाही. माझ्या लेखात हे यायलाच हवं होतं. उपाशी राहिले ते अर्चिनच नव्हेत. केल्पवर जगणारी लाल अबलोन ही मोठी गोगलगायही भुकेनं मेली, आणि २०१८ साली तिची हौशी मासेमारी बंद करावी लागली.

आता जंगलाचं. केल्प वनस्पती नाही, तपकिरी शैवाल आहे, हे खरंच. त्याला मुळं नसतात. बुडाशी असते ती फक्त खडकाला धरून ठेवणारी पकड. पण त्या गुंत्यात खेकडे, किडे, नाजूक तारामासे राहतात. माँटेरेचं महाकाय केल्प तीस मीटर आणि त्याहून उंच जातं, हवेच्या फुग्यांवर तरंगत पृष्ठभागावर छत धरतं, त्या सावलीत खाली वेगळीच शैवालं वाढतात, छतात रॉकफिश नावाच्या माशांची पिल्लं लपतात. एवढे मजले असलेल्या गोष्टीला दुसरं काय म्हणू? डार्विननं १८३४ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएरा देल फ्यूगोजवळ केल्प पाहून उष्ण कटिबंधातल्या अरण्यांशीच तुलना केली होती.

‘मग मालवणच्या खडकांवरचं शेवाळही जंगल का?’ असं तुम्ही विचारता. ते सरगॅसम असणार. तपकिरी खरं, पण केल्पच्या कुळातलं नाही. आपल्या कोमट पाण्यात केल्प उगवत नाही. तरी पावसाळा सरल्यावर ओहोटीला त्यात वाकून पाहा, किती जीव त्याच्या आडोशाला असतात. त्याला लहानसं रान म्हणायला माझी हरकत नाही.

मूळ लेखातला परिच्छेद आज बदलला आहे. त्यात एक भरही घातली: तारामाशांच्या रोगामागचा जीवाणू २०२५ मध्ये ओळखला गेला, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा. आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत सूर्यफूल तारामासे अंड्यांपासून वाढवले जात आहेत.