सोलकढीच्या रंगाची मावशी

"घरचाच आहेस, करून टाक," असं मावशी म्हणाली, तेव्हाच मी पळ काढायला हवा होता. मावसभावाचं लग्न फोंड्याला. शूटिंगला मी, माझा मित्र आणि हौसेने मोबाइल उगारलेले काका. एडिटिंग अर्थात एकट्या माझ्याकडे.

पहिल्याच रात्री लक्षात आलं. बेळगावला दोन खेपा घालून आणलेली मावशीची रेशमी साडी माझ्या कॅमेऱ्यात डाळिंबी, मित्राच्या कॅमेऱ्यात शेंदरी आणि काकांच्या मोबाइलमध्ये थेट सोलकढी. मंगलाष्टकांत कट मारले की वाटावं, मावशी दर 'सावधान'ला आत जाऊन साडी बदलून येतेय.

सेन्सरवर हिरव्याचे दोन, तांबड्याचा एक, निळ्याचा एक अशा हिशेबाने ठिपके असतात. त्यांतून रंग कसा शिजवायचा, ते ज्या त्या कंपनीचं आपापलं. हुमणासारखंच; नारळ-मिरची तीच, घर बदललं की चव बदलली. त्यात मी ऐटीत लॉगमध्ये शूट केलेलं, म्हणजे चित्र पेजेसारखं फिकट, मीठमसाला मागाहून. (रात्री दोन वाजता उपमाही खाण्याच्याच सुचतात.) हॉलमधले पिवळे दिवे 3200 केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), आणि मित्राचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडात पांढरं पांढरं दिसावं ते सेटिंग, अंगणातल्या 5600 वरच राहिलेलं. काका ऑटोवर. ते दाराकडे वळले की एक रंग, दिव्याकडे वळले की दुसरा, तेही एकाच शॉटमध्ये.

रंग जुळवायला लागणारं करडं कार्ड, ग्रे कार्ड, कुणीच नेलं नव्हतं. पांढरं म्हणून मी भटजींच्या उपरण्यावर सॉफ्टवेअरमधला रंग टिपणारा आयड्रॉपर टेकवला. ते उपरणं कित्येक लग्नांची हळद प्यायलेलं. सॉफ्टवेअरने त्या पिवळटाला पांढरं मानलं आणि अख्खा मांडव निळा पडला. नवरा-नवरी बर्फावरच्या इसवण माशासारखी दिसू लागली.

शेवटी व्हेक्टरस्कोपला, म्हणजे चित्रातले रंग गोलावर मांडून दाखवणाऱ्या आलेखाला, शरण गेलो. त्यावर कातडीच्या रंगाची एक तिरकी रेघ असते. माणूस गोरा असो की काळा, चेहरा त्याच रेघेच्या आसपास पडतो, कारण कातडीखालचं रक्त एकच. 'गोरी मुलगी हवी' म्हणणाऱ्यांना आधी ही रेघ दाखवून मग चहा द्यावा. चेहरे जुळले. साडी मात्र हट्टाला पेटली. मोबाइलचं चित्र 8 बिटचं, दर रंगाला 256 पायऱ्या. जरा जास्त ओढलं की पदरावर पट्टेच पट्टे.

"रंग असा नाही रे!" म्हणत मावशी एका संध्याकाळी साडीच पिशवीत घालून आली. स्क्रीनशेजारी धरली. ट्यूबलाइटखाली ती माझ्या कॅमेऱ्यासारखी दिसेना, मित्राच्याही नाही. खिडकीपाशी नेली, आणखी वेगळी. बाल्कनीतल्या पावसाळी उजेडात मात्र, शप्पथ, सोलकढी!

मावशी बराच वेळ गप्प. मग घडी घालता घालता तिने विचारलं, "त्या दुकानात पिवळे दिवे होते, नाही का?"

मंगळवारी आम्ही बेळगावला निघतोय. लॅपटॉपवर तिन्ही कॅमेऱ्यांचं फुटेज पुराव्यादाखल घ्यायला सांगितलंय. काकाही येताहेत, मोबाइल घेऊन.