गोळी बारीक पडते? साच्यावर हात टाकण्याआधी

बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या स्वतः ओतणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो: ‘गोळी मापापेक्षा बारीक निघते, म्हणजे साचा चुकीचा कापलाय. शिसं निवताना आकसणारच. पॉलिशची पेस्ट लावून साचा ड्रिल मशीनवर आतून घासून घ्या. नाही जमलं तर तशीच वापरा, दाबाने फुगून ती नळीत घट्ट बसते.’ ऐकायला सोपं वाटतं. पण या सल्ल्यापायी चांगले साचे बाद झालेले मी पाहिले आहेत, त्यातला एक माझाच.

आधी ‘साचा चुकीचा’ हे बघू. साचा कापणारा तो कुठल्या तरी ठरावीक मिश्रधातूसाठी कापतो. जुना आणि प्रसिद्ध म्हणजे लायमन या साचे बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा क्रमांक २: ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी. अशा साच्यात निव्वळ शिसं ओतलं तर गोळी बारीक पडणारच, यात साच्याचा काय दोष? अँटिमनी हा गोठताना फुगणाऱ्या मोजक्या धातूंपैकी एक. तो मिसळला म्हणून मिश्रधातू फुगत नाही, पण शुद्ध शिशापेक्षा कमी आकसतो. छापखान्यातल्या लायनोटाइपच्या धातूत तो साधारण १२ टक्के असतो, म्हणून त्याच साच्यातून लायनोटाइपची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा जाड निघते. फरक एखाद-दोन थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पण आपलं भांडणही तेवढ्याचंच आहे. कथिलाकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नका. ते रस कडेकोपऱ्यापर्यंत पोचवतं, जाडी फारशी वाढवत नाही.

दुसरा संशयित काजळी. गोळी सहज सुटावी म्हणून कित्येक जण साच्याच्या पोकळीला मेणबत्तीचा धूर देतात. तो थर दोन्ही बाजूंना बसतो, म्हणजे व्यासातून दुप्पट वजा होतो. मग हेच लोक मायक्रोमीटर घेऊन ‘बारीक, बारीक’ करत बसतात. काजळी पुसा, तेलाचा अंश राहू देऊ नका आणि पुन्हा ओता. साचा थंड असला तरी तेच होतं: गोळीवर सुरकुत्या, कडा गोलसर, खोबणी अर्धवट. अशी गोळी मोजण्यात अर्थच नाही. पहिल्या दहा-पंधरा सरळ भांड्यात परत टाकाव्यात. (भांड्यात ओली वस्तू मात्र कधीच नको. पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस अंगावर उडतो.)

‘शिसं आकसतंच’ हे खरं आहे. गोठल्यापासून, म्हणजे ३२७ अंश सेल्सिअसपासून, नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत ९ मिलिमीटरची गोळी सुमारे ०.०८ मिलिमीटर, म्हणजे तीन थाउ, आकसते. पण साचा कापताना हे धरलेलंच असतं. आकसणं हे कारण असतं, तर जगातला प्रत्येक साचा बारीक गोळी देता.

आता घासण्याकडे येऊ. एवढं सगळं करूनही गोळी बारीकच राहिली तर साचा घासावा लागतो, हे मान्य. पण ड्रिल मशीनवर? त्या वेगात पोकळी लंबगोल होते, खोबण्यांच्या धारा जातात, आणि गेलेला धातू परत लावता येत नाही. एक थाउ व्यास वाढवायचा तर प्रत्येक बाजूने अर्धाच थाउ काढायचा असतो. त्याच साच्यात ओतलेल्या गोळीत स्क्रू बसवावा, तिला अगदी बारीक घर्षण-पेस्ट लावावी आणि साचा हलका मिटून ती हाताने फिरवावी. पेस्टचे कण मऊ शिशात रुततात आणि समोरचा कठीण धातू कापतात, म्हणून शिसंच इथे कामाचं. थोडं घासा, साचा पूर्ण धुवा, ओता, मोजा. ॲल्युमिनियमचा साचा लोखंडीपेक्षा लवकर झिजतो, तिथे जास्तच सबुरी हवी.

त्याआधीची एक पायरी सल्ल्यात नाहीच. साच्याच्या एका अर्ध्या भागावर कोपऱ्यांत ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचे तुकडे लावले की दोन भागांत फट राहते. गोळी एकाच दिशेने जाडावते, पण मापाच्या डायमधून, म्हणजे नेमक्या व्यासाच्या पोलादी भोकातून, दाबून काढली की बरीचशी गोल होते. पट्टी जाड झाली तर कडेने शिशाचे पातळ पापुद्रे निघतात. सुंदर नाही, पण न पटल्यास पट्टी काढता येते.

शेवटचं ‘फुगून बसते’. हा दावा फ्रेंच सैन्याधिकारी मिनिए याच्या १८४९ च्या गोळीवरून आलेला दिसतो. ती नळीपेक्षा मुद्दामच बारीक असे, म्हणजे पुढून पटकन भरता येई. पण ती मऊ शिशाची आणि तळाशी पोकळ होती. बार उडाला की तळाचा घेर फाकून नळीतल्या पिळदार खाचांत बसे. १८५७ ला गाजलेली काडतुसं याच घराण्यातल्या गोळीची. भरीव आणि कठीण मिश्रधातूची गोळी कमी दाबात तशी फाकत नाही. मग तिच्या कडेने तापलेला वायू निसटतो, गोळी चाटून नेतो आणि नळीत शिशाचे थर बसवतो. म्हणून ओतीव गोळी खाचांच्या व्यासापेक्षा एक-दोन थाउ जाड घेतात. त्यासाठी आधी स्वतःच्या नळीचं माप हवं: तेल लावलेल्या नळीतून मऊ शिशाचा तुकडा दांड्याने ठोकत आरपार काढायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचा. माझ्या ज्या साच्याचा मी वर उल्लेख केला, तो मी हे माप घेण्याआधीच घासून बसलो होतो.