हृदयाच्या ठोक्यांचा कोटा आणि चुकलेला हिशेब

‘हृदयाला जन्मतः ठरावीक ठोके मिळालेले असतात, व्यायाम करून ते लवकर संपवू नका’ असा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. धाप लागणे ही रक्तातला ऑक्सिजन संपल्याची आणि धावून थांबल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे ही हृदय थकल्याची खूण आहे, असेही त्यात ठामपणे सांगितलेले असते.

ठोक्यांच्या कोट्याची कल्पना अगदीच निराधार नाही. मिनिटाला सुमारे ६०० ठोके पडणारा उंदीर आणि तीसच्या आसपास ठोके पडणारा हत्ती या दोघांच्याही आयुष्यभराच्या ठोक्यांची बेरीज १०० कोटींच्या घरात जाते. परंतु माणूस या हिशेबात बसतच नाही, कारण ७२ च्या गतीने ७५ वर्षांत त्याचे ठोके २८० कोटींच्या वर जातात. शिवाय प्राणिजातींची सरासरी म्हणजे कोणा एकाची शिधापत्रिका नव्हे.

तरीही वादापुरता कोटा मान्य करू. व्यायाम न करणाऱ्याचे ठोके मिनिटाला ७२ धरले, तर दिवसाचे १,०३,६८० होतात. नियमित धावणाऱ्याचे रोज एक तास १४० आणि उरलेले २३ तास ५८ धरले, तर बेरीज ८८,४४० भरते. म्हणजे ज्याला उधळ्या म्हटले, तोच रोज पंधरा हजार ठोके वाचवतो.

ही बचत होते कशी? नियमित व्यायाम सुरू केल्यावर काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढू लागतो आणि तांबड्या पेशी त्यामागून सावकाश वाढतात. हृदयाकडे परतणारे रक्त वाढले की त्याचे कप्पे अधिक भरतात, आणि ताणलेला हृदयस्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो, हे ओटो फ्रँक यांनी १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९१४ च्या सुमारास कुत्र्याच्या हृदयावर दाखवले. विश्रांतीत शरीराला मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त लागते. एका ठोक्याला ७० मिलिलिटर बाहेर पडत असेल तर त्यासाठी सुमारे ७२ ठोके लागतात, ८६ मिलिलिटर पडत असेल तर ५८ पुरतात. याखेरीज हृदयाची मूळ लयही सरावाने संथ होते.

धापेविषयीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. समुद्रसपाटीवर निरोगी माणूस जोरात धावत असतानाही त्याच्या धमन्यांतील ऑक्सिजनचे प्रमाण बहुधा ९५ टक्क्यांच्या खाली जात नाही. श्वास वाढवतात ते मेंदूकडून व स्नायूंकडून येणारे संदेश, साठू पाहणारा कार्बन डायऑक्साइड आणि रक्तातील वाढती आम्लता.

राहिली अंधारी. धावताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलत असतात. एकदम उभे राहिले की हा पंप बंद पडतो, रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्त पायांत साचते, हृदय नीट भरत नाही आणि रक्तदाब उतरतो. घामाने प्लाझ्मा आधीच घटलेला असेल, तर आणखीच. हृदय येथे थकलेले नसते, त्याच्याकडे रक्तच पोहोचत नसते, म्हणून थांबण्यापूर्वी पाचेक मिनिटे चालावे. धावत असतानाच अंधारी आली किंवा छातीत दुखले, तर मात्र ते प्रकरण वेगळे असून त्यासाठी डॉक्टरांकडेच जावे.